मुक्काम धोंडखेड, बैलांची मोटार

बुलढाणा, सोमवार, ८ नोव्हेंबर १९४३

ठरलं एकदाचं. गुरुवारी घाट उतरायचा.

सौ. अन्नपूर्णाबाईंचा दमा यंदा दिवाळीतच उसळला. बुलढाण्याची थंडी अजून पुरती पडली नाही, तरी ही उशांना टेकून बसल्या बसल्या झोपते. डॉक्टर म्हणाले, "घाटाखाली न्या. कोरडी, उघडी हवा पाहिजे. चुलीच्या धुराचं घर नको. संक्रांत होईपर्यंत वर आणू नका." आता घाटाखाली कुणाचंही घर घेतलं तरी चूल आलीच. मग राहायचं कुठे, झाडाखाली?

हिचा भाऊ पंजाबराव धावून आला. त्याची मलकापूर-बुलढाणा सर्व्हिस मोटार होती. लढाईमुळे पेट्रोल मिळेना, म्हणून दीड वर्ष नुसती उभी आहे. इंजिन त्याने केव्हाच काढून टाकलं. उरला डबा, चार चाकं आणि एक भोंगा. म्हणाला, "भाऊजी, बैल जुंपा अन् न्या. माह्या बहिनीच्या तरी कामी येईन." सुताराने बाकं काढून दोन पलंग ठोकले, मागे भांड्यांची फळी केली. खिडक्यांना हिच्या जुन्या लुगड्यांचे पडदे. स्वयंपाक बाहेर, वाऱ्याच्या उलट्या बाजूला. चाकांवरचं घर झालं.

लोक हसतात. हसोत बापडे. एकतीस वर्षं मी कचेरीत कॅम्पचा कारकून होतो. दर हिवाळ्यात साहेबांचा दौरा निघायचा. तंबू कुठे, घोडे कुठे, पाणी कुठलं, टेबल कोणत्या झाडाखाली, सगळं नारायणराव ठरवायचे. साहेब आले नि गेले, नारायणराव हलले नाहीत. पेन्शन घेऊनही आता तीन वर्षं झाली. पण एवढ्या वर्षांत स्वतःच्या बायकोला घेऊन एक दिवस कुठे झाडाखाली राहिलो नाही. असं का झालं, ते माझं मलाच सांगता येत नाही.

राजूर घाटाच्या पायथ्याशी, गुरुवार, ११ नोव्हेंबर

उतरलो! चार बैल पुढे, आणि मागे बाभळीचा ओंडका दोराने बांधलेला, उतारावर गाडी बैलांच्या अंगावर जाऊ नये म्हणून. पंजाबरावाचा जुना गडी पुंजाजी बैलांच्या बाजूने पायी चालत होता. मी ड्रायव्हरच्या जागेवर, स्टिअरिंगचं चाक धरून. आयुष्यात पहिल्यांदा हातात धरलं, पण खोटं कशाला लिहू, जमलं. प्रत्येक वळणावर मी चाक फिरवावं आणि मोटारीने आज्ञाधारकपणे वळावं. दोन तासांत दोन्ही खांदे भरून आले. पुंजाजी अधूनमधून मागे पाहून हसत होता. का हसतो ते कळलं नाही.

ही शेजारी बसून भोंगा वाजवत होती. समोर चिटपाखरू नसतानासुद्धा. "आवो, एवढा जोर नका लावू," म्हणाली, "मनगट सुजीन." मी म्हटलं, जबाबदारीच्या जागेवर बसलेल्या माणसाला जोर लावावाच लागतो. त्यावर तिने आणखी दोनदा भोंगा वाजवला.

धोंडखेड, शनिवार, १३ नोव्हेंबर

जागा सापडली. रोहिणखेडला पूर्वी मी कॅम्प लावलेला आहे, पण तिथे आता वर्दळ फार. तिथून दीड कोसावर हे धोंडखेड. चाळीसेक घरं, नदी जवळ, आणि गावाबाहेर अशी आमराई की पाहताक्षणी हात शिवशिवले.

कालपासून कामाला लागलोय. मोटारीचं दार पूर्वेला. भोवती हातभर रुंद चर, विंचूकाट्यासाठी. मोठ्या आंब्याखाली टेबल, त्यामागे खुर्ची, समोर सतरंजी. रस्त्यापासून टेबलापर्यंतची वाट झाडून घेतली आणि दोन्ही बाजूंनी नदीतले दगड ओळीने मांडून त्यांना चुना फासला. बेचाळीस दगड. कॅम्प म्हटला की पांढऱ्या दगडांची वाट पाहिजेच. थंडी वाजते म्हणून माझा जुना खाकी कोटही काढला, पितळी बटणांचा.

ही पलंगावरून पाहत होती. "इथं कोन येनार हाय, तं दगडाले चुना लावून राह्यले?"

मी म्हटलं, "कोणी येवो न येवो, कॅम्प नीट दिसला पाहिजे."

"आपन दोघं राहाले आलो. कॅम्प कायचा?"

तिला या गोष्टी समजायच्या नाहीत.

सोमवार, १५ नोव्हेंबर

हे गाव काही उमगत नाही. दोन दिवस कोणी फिरकलं नाही. नदीवर येणाऱ्या बाया आम्हाला पाहून घागरी न भरताच माघारी गेल्या. काल गावातून धान्याच्या कणग्या हलवल्यासारखे आवाज येत होते. पुंजाजी तंबाखू मागायला गेला तर एकही जवान माणूस दिसला नाही, सगळे म्हणे रानात.

आणि आज सकाळी अचानक कोतवाल हजर. चरवीभर दूध, लाकडाची मोळी, वर भाजीची टोपली. पैसे देऊ लागलो तर कानाला हात लावून दोन पावलं मागे सरला. पैसे टेबलावर ठेवले, ते तिथेच टाकून गेला. एवढं प्रेमळ गाव मी एकतीस वर्षांत पाहिलं नाही. पण मग बाया का पळाल्या?

गुरुवार, १८ नोव्हेंबर

आनंदाची गोष्ट आधी लिहितो. ही काल आडवी होऊन झोपली. सहा तास! सकाळी स्वतः उठून नदीपर्यंत चालत गेली. मोटारीच्या पायरीवर बसून मी तिची पाठ पाहत होतो आणि डोळे भरून आले.

किसनराव पाटील येऊन गेले. साठीचे, शांत गृहस्थ. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. उभ्यानेच सांगू लागले, गावात औंदा मरणं किती, जनावरांना रोग आहे की नाही, शाळेचं छप्पर कधी उडालं. मी म्हटलं, "वा, छान माहिती ठेवता." ते म्हणाले, "हाव जी. ठेवाच लागते."

आता सकाळपासून दहा-पंधरा माणसं सतरंजीच्या कडेला बसून असतात. मोटारीचं नवल वाटत असणार, म्हणून मी सगळ्यांना आत नेऊन पलंग, फळी, कंदिलाचा आकडा दाखवला. प्रत्येक गोष्टीला "हाव जी, हाव जी." एकाने विचारलं, "साहेब, मुक्काम किती दिवस?" मी म्हटलं, संक्रांतीपर्यंत. ऐकून सगळ्यांचे चेहरे पडले. पाहुणा जास्त दिवस राहिला तर आनंद व्हायला हवा ना?

ही म्हणते, "ते दगड पह्यले उचला." या बाईला दगडांचं काय एवढं, कोण जाणे.

रविवार, २१ नोव्हेंबर

आज अंबूबाई नावाची एक विधवा आली. चाळिशीची, काटक, कपाळावर उन्हाचे चट्टे. लोक बाजूला झाले आणि ती सरळ टेबलापुढे येऊन उभी राहिली.

"साहेब, माही पांधन बुजवली."

पांधन म्हणजे तिच्या वावरात जायची गाडीवाट. वावर तिचं टोकाला, मधे अर्जुनरावाची जमीन. सासऱ्याच्या काळापासून बंडी त्या वाटेने जायची. औंदा पेरणीला अर्जुनरावाने वाट नांगरून तिथे तूर पेरली. आता तिच्या पऱ्हाटीची बोंडं फुटून उभी आहेत आणि बंडी नेता येत नाही. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, काट्यातून ती एकटी डोक्यावर गाठोडी वाहते. "सात एकराचा कापूस डोक्शावर कवा निघन, साहेब? पानी आलं का गेला तो. माह्यापाशी दुसरं काई नाही."

मलकापूरच्या तहसील कचेरीत तिने अर्ज केला आहे. तारीख ७ डिसेंबर.

मी काय केलं? लिहून घेतलं. हातच तसा वळणाला पडलेला. नाव, गाव, वहिवाट किती वर्षांची, तारीख काय, सगळं सुबक अक्षरात. शेवटी म्हणालो, "ठीक. पाहतो."

तिने वाकून जमिनीला हात लावला. तोंडावरचा ताण एकदम उतरला. मला फार बरं वाटलं. माणसाला कोणी नुसतं ऐकून घेतलं तरी केवढा आधार होतो.

शुक्रवार, २६ नोव्हेंबर

पाहतो म्हटलं होतं, म्हणून पाहून आलो. सकाळी फिरायचंच असतं. सोबत पाटील आले, कोतवाल आला, मागे अर्धं गाव. एवढी माणसं माझ्याबरोबर फिरायला का निघाली, ते विचारायचं राहून गेलं.

वाट खरंच नांगरलेली. तुरीखाली मागमूस नाही. पण पुढे नाल्यात एक काळा खडक आहे, आणि त्या खडकावर चाकांच्या दोन खोल चाकोऱ्या पडलेल्या. बोट घातलं तर अर्धं बुडतं. माती नांगरता येते, खडक कसा नांगरणार? मी काठी टेकून मोठ्याने म्हणालो, "ही चाकोरी एका पिढीची नाही. इथे रस्ता होता." किसनरावांनी मान डोलावली.

अर्जुनराव माझ्या पुढेपुढे करत होता. चांगला उंच, मिशाळ माणूस, पण घाम फुटलेला. "साहेब, तूर निघू द्या, मंग पाहू. मी काई नाही म्हनून राह्यलो का?" त्याचा काटा काढायला मी थोडाच आलो होतो? मला का सांगतो? तरी मी करड्या आवाजात म्हणालो, "बाईचा कापूस अडवू नका."

अंबूबाई धुऱ्यावर उभी राहून हसत होती.

गुरुवार, २ डिसेंबर

विशेष काही नाही. हिची तब्येत उत्तम. अंबूबाई हरभऱ्याची कोवळी भाजी घेऊन आली. दोघींचं मेतकूट जमलंय. अर्जुनराव चार दिवस दिसला नाही, मलकापूरला गेलाय म्हणतात.

मंगळवार, ७ डिसेंबर

सकाळी अंबूबाई ओटीभर बोरं घेऊन आली, तासभर हिच्याशी बोलत बसली आणि गाणं गुणगुणत वावरात गेली. ती गेल्यावर माझ्या लक्षात आलं की आज सात तारीख. तिला तर मलकापूरला असायला हवं होतं. वहीत पाहिलं, माझ्याच अक्षरात आहे. मग तारीख पुढे गेली असेल. तिला सांगायचं सोडून मला थोडंच कोणी कळवणार? उगाच भोचकपणा नको म्हणून मागे हाक मारली नाही.

बोरं गोड होती.

गुरुवार, ९ डिसेंबर

आज दूध आलं नाही. सतरंजीवर कोणी नाही. बाया नदीवर आल्या, घागरी भरल्या, आमच्याकडे पाहून पदराआड हसल्या. चुन्याचे चार दगड कुणीतरी लाथेने उडवलेले. काल संध्याकाळपर्यंत हेच गाव "हाव जी" म्हणत होतं. मला काही कळेना.

दहाच्या सुमारास अर्जुनराव आला. थेट खुर्चीवर बसला. माझ्या खुर्चीवर.

"रामराम, कारकूनसाहेब. मलकापूरले इचारून आलो मी. धोंडखेडले कोनताच कॅम्प नाही म्हन्ते कचेरी. तुमी पेन्शनीतले, बायकोचा दमा घेऊन आलेले. बरं हाय ना?"

मी म्हटलं, "हो. मी दुसरं काय सांगितलं होतं?"

"काईच नाही सांगतलं. थेच तं." हसत उठला. "अंबूबाईचा अर्ज परवा निकाली निघाला. बाई हजर नाही, म्हनून खारीज. मी होतो ना हजर."

तो गेल्यावर थोड्या वेळाने अंबूबाई आली. मला वाटलं ओरडेल. ओरडली नाही. टेबलापुढे त्याच जागी उभी राहिली.

"साहेब इथंच आला, त् मलकापूरले कायले जाऊ, असं म्हतलं मी." मग बराच वेळ माझ्या हातांकडे पाहत राहिली. "तुमी त् लिहून घेतलं होतं."

मी दोन्ही हात टेबलाखाली घेतले. ती गेली.

शुक्रवार, १० डिसेंबर

काल दिवसभर जेवलो नाही. लिहायला बसलो तर काय लिहावं कळत नाही, पण लिहिलं नाही तर त्याहून वाईट.

मी कुणालाही साहेब असल्याचं सांगितलं नाही. एकदाही नाही. हे खरं आहे. मग ते मी पुन्हा पुन्हा का लिहितो? लोकांनी मला साहेब म्हटलं, तर आपल्याकडे शिकलेल्या कुणालाही म्हणतात. दूध आणलं, तर मी पैसे देत होतो. टेबल मांडलं, कारण मला टेबल तसंच मांडता येतं. एकतीस वर्षं ते रिकामं टेबल मांडून मी बाजूला उभा राहिलो आणि त्यामागे दुसरेच बसले. इथे मांडलं, तर मागे बसायला मीच होतो. बसलो. बसल्यावर उठावंसं वाटलं नाही.

मला कळलं नव्हतं का? सारखा विचारतोय स्वतःला. खडकापाशी आवाज करडा केला तेव्हा? अर्जुनरावाचा घाम पाहिला तेव्हा? कळलं नव्हतं असं लिहावं तर पेन अडतं. कळलं होतं असं लिहावं तर लाज वाटते. दोन्हींच्या मधे कुठेतरी आहे, आणि तिथे त्या बाईचा सात एकर कापूस उघडा पडलाय.

पहिला विचार आला तो पळायचा. पुंजाजीला म्हटलं, बैल जुंप, वर जाऊ. सरकारी माणूस म्हणून मिरवल्याचा आळ आला तर पेन्शनही जाईल. पुंजाजी डोकं खाजवत हिच्याकडे पाहू लागला.

ही पायरीवर बसली होती. "वर गेलो त् माहा जीव जाईन, थे राहू द्या," म्हणाली. "पन त्या बाईले तोंड कोन दाखवन? दगड तुमी लावले. आता तुमीच उचला."

मी चिडलो. म्हटलं, "इथपर्यंत सगळ्यांना नीट आणलं कोणी? तो घाट कोणी उतरवला?"

पुंजाजी खाली पाहून म्हणाला, "मालक, राग नका मानू. सुतारानं बैलाची धुरी पुढच्या आसाले जोडली. चाकं बैलामागं फिरते. तुमच्या हातातलं थे इस्टेरिंग कायलेच जोडेल नाही. नुसतंच फिरते थे."

"मग सांगितलं का नाहीस?"

"बाई नाही म्हने. तुमी खुशीत होते."

मी हिच्याकडे पाहिलं. ती हसली नाही. दुपारी एकेक करून बेचाळीस दगड उचलले आणि मोटारीमागे ढीग केला. चुना निघत नाही, खरवडून पाहिला.

मलकापूर, सोमवार, १३ डिसेंबर

पाटलांची बंडी घेऊन आलो, हाकायला पुंजाजी. हिने समजावलं म्हणून अंबूबाई बरोबर आहे. सगळी वाट ती माझ्याकडे पाठ करून बसली. त्या दिवसापासून ती मला काहीच म्हणत नाही. साहेब नाही, राव नाही, काही नाही. बोलायचंच असलं तर पुंजाजीला सांगते, "त्याहीले म्हना, पानी पेऊन घ्या."

कचेरीत माझ्या हाताखाली उमेदवारी केलेला एक जण आता मोठ्या टेबलावर बसतो. त्याच्यासमोर मला माझा जबाब लिहून द्यायचा होता. लिहिलं: मी कोणी अधिकारी नाही. माझ्या राहण्यावागण्यामुळे या बाईंचा समज झाला की सुनावणी गावातच झाली. त्यांच्या गैरहजेरीचा दोष माझा. अर्ज पुन्हा घ्यावा.

नायब तहसीलदार तरुण होते. वाचून म्हणाले, "तुम्ही साहेब आहात असं सांगितलंत का?"

"नाही."

"मग दोष कसला?"

"नाहीसुद्धा म्हणालो नाही. तोच."

त्यांनी कागद पुन्हा एकदा वाचला. अंबूबाई माझ्यामागे उभी होती, तिचा चेहरा मला दिसला नाही. शेवटी म्हणाले, अर्ज घेतो, जागा स्वतः पाहायला येतो, पण केव्हा ते सांगता येत नाही आणि निकालाचं वचन नाही. मी खडकाचं सांगू लागलो तर हात वर केला. "तुम्ही राहू द्या. मी बघेन."

बुधवार, २२ डिसेंबर

मावठ्याने घात केला. आठ दिवस पुंजाजी, मी आणि अंबूबाई धुऱ्याच्या काट्यातून गाठोडी वाहत होतो. अठ्ठावन्नाव्या वर्षी डोक्यावर कापूस घेऊन चालताना मी कोणासारखा दिसत असेन, ते गावाने मला ऐकवलंच. पण किसनराव पाटील तिसऱ्या दिवशी न बोलता स्वतः एक गाठोडं उचलून माझ्या पुढे चालू लागले. मग हसणं थांबलं.

काल सकाळपासून पाऊस. निम्म्याहून जास्त कापूस अजून झाडावर होता. आज पाहिला, काळा पडून लोंबतोय. सात तारखेला ती मलकापूरला असती तर वाट तेव्हाच मोकळी झाली असती का? झाली असती, नसती, कोणी सांगावं? अंबूबाई भिजलेली बोंडं हातात घेऊन पाहत होती. मी म्हणालो, "माझं चुकलं." ती म्हणाली, "हाव." बोंडं खाली टाकून घराकडे वळली.

हिला थोडी धाप लागली. दार लावून शेक दिला.

गुरुवार, ३० डिसेंबर

नायब तहसीलदार आले, आणि गावाला पत्ताच नाही! सायकलवरून, पायजम्याला चिमटे लावून, एकटेच. आमराईत सायकल टेकवून पाणी मागितलं तर कोतवाल म्हणाला, "नदी पुढं हाय." पांढरे दगड नाहीत, टेबल नाही, मग साहेब कसा ओळखणार? मला हसावं की रडावं कळेना. पाणी हिने दिलं.

मी ठरवलं होतं की एक शब्द बोलायचा नाही. दोन्ही हात कोटाच्या खिशात कोंबून धुऱ्यावर उभा राहिलो. ते नाल्यात उतरले, खडकावर उकिडवे बसले, चाकोरीत बोट घातलं. तीन म्हाताऱ्यांना वेगवेगळं नेऊन विचारलं. अर्जुनराव चार वेळा पुढे आला, चारही वेळा त्यांनी त्याला लांब उभं राहायला सांगितलं. तासाभराने सायकलवर बसून निघून गेले. काय ठरलं, कोणालाच कळलं नाही. त्यांचा चेहरा चांगला होता की वाईट, यावर मी आणि ही अजून भांडतोय.

बुधवार, १२ जानेवारी १९४४

हुकूम आला. किसनरावांनी चावडीवर वाचून दाखवला. वहिवाट शाबीत. तूर निघताच आठ हात रुंद वाट मोकळी करावी, दोन्ही कडांना खुणेचे दगड पुरावेत, पुन्हा नांगर घालू नये.

अर्जुनराव उठून गेला. त्याची तूर कापून झालेलीच आहे. अंबूबाईचा औंदाचा कापूस मात्र गेला तो गेला. हुकुमाने वाट परत येते, कापूस येत नाही. तिला आनंद झाला का, ते मला ओळखता आलं नाही. ती उठून पाटलांना विचारत होती, "खुनेचे दगड कुठून आनू?"

शनिवार, १५ जानेवारी

काल संक्रांत झाली. डॉक्टरांची मुदत संपली. उद्या जुंपायचे का म्हणून पुंजाजी विचारत होता. ही म्हणाली, शिमग्यापर्यंत कशाला हलायचं.

सकाळी अंबूबाई आमराईत आली. माझ्याकडे न पाहता मोटारीमागे गेली आणि चुन्याच्या दगडांच्या ढिगापुढे उभी राहिली. पाऊस पडून गेला तरी चुना तसाच होता. एक दगड पायाने हलवून पाहिला. मग पुंजाजीला नाही, मलाच म्हणाली, "हे लागतीन."

बंडीत घालून पांधनीवर नेले. एका कडेला ती, दुसऱ्या कडेला मी. पुंजाजी कुदळीने खड्डे करत होता. ही नाल्याकाठी बसून कोणता दगड वाकडा झाला ते ओरडून सांगत होती. नव्या वाटेवरून किसनरावांची बंडी एकदा जाऊन आली, चाक खडकाच्या चाकोरीत बरोबर बसलं.

एका कडेला किती, दुसऱ्या कडेला किती, हिशेब जुळेना. मी थांबून खिशातली वही आणि पेन्सिल काढली.

अंबूबाई दगड पोटाशी धरून उभी होती. म्हणाली, "भाऊ, लिहून नका घेऊ. उचला तिकून."

मी वही खिशात घातली आणि उचलला. दुपारपर्यंत सगळे पुरून झाले. बेचाळीसच होते, पुरले.

परत येताना हिने विचारलं, "थे काय म्हनली तुमाले, ध्यानात आलं का?"

म्हटलं, "आलं की. तिकडून उचला म्हणाली."

त्यावर ही हसायला लागली. वाटेत उभी राहून, माझ्या खांद्याला धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. यात एवढं हसण्यासारखं काय होतं ते मला अजूनही कळलेलं नाही. पण इतकं हसूनही ती एकदाही खोकली नाही, एवढं इथे लिहून ठेवतो.